टेम्पोतील वीज : साधे बिघाड ओळखावे कसे?

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत कपड्याचा फिरता धंदा करणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. पेणहून निघायचे, वडखळ, नागोठणे, कोलाड, धाटाव करीत रोह्याला पोहोचायचे आणि रात्री उशिरा परत फिरायचे, हा आमचाही वर्षानुवर्षांचा रिवाज. आमच्या वडिलांच्या काळी गठ्ठा खांद्यावर असे. पुढे एस.टी.च्या टपावर माल जाऊ लागला. आता टेम्पो हेच दुकान झाले आहे. मागचा फाळका खाली पाडला, दोन दिवे लावले, तागे मांडले की दुकान सुरू.

कारवाँ हा आपल्या ओळखीचा शब्द. तोच फारसीतून विलायतेत गेला आणि कॅरॅव्हॅन झाला. तिकडे सुट्टी घालविण्यासाठी चाकांवरचे घर घेऊन लोक फिरतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्या आरामगाडीतील दिवा, पंखा, पाण्याचा पंप आणि आमच्या टेम्पोतील दिवा, पंखा, मोबाइलचा चार्जर यांची विजेची रचना मात्र सारखीच आहे. १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, वायर, स्विच आणि परतीच्या मार्गासाठी गाडीची लोखंडी बॉडी. म्हणून बिघाडही सारखेच होतात. फरक एवढाच की त्यांची सुट्टी बिघडते, आमची रोजी जाते.

कपड्याच्या धंद्यात उजेडाला किती किंमत आहे, हे वेगळे सांगायला नको. पेणला गणपतीच्या आधीचे दिवस, रोह्याला धावीर महाराजांचा उत्सव, रमजानच्या शेवटच्या दहा रात्री. खरी विक्री दिवस मावळल्यावरच होते. दिवा मंद असला तर गडद निळा कपडा काळा दिसतो आणि मोतिया रंग पांढरा वाटतो. गिऱ्हाईक रात्री घेऊन जाते, सकाळी उन्हात पाहते आणि परत येते. त्याच्या मनात एकच गोष्ट असते, दुकानदाराने फसविले. खोट असते वायरीच्या सांध्यात आणि बट्टा लागतो आमच्या इमानाला.

रोह्यातील ती रात्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईद चार दिवसांवर आली होती आणि रोह्यात आमच्या टेम्पोभोवती चांगली गर्दी होती. दिव्यांचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. गिऱ्हाईक उभे, अंधार झालेला. आमच्या हाताखालच्या पोराने सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी खोचली. दिवे लागले. आम्ही त्याला शाबासकी दिली, ही कबुली येथे देतो.

दहा मिनिटांनी जळक्या रबराचा वास आला. ज्या भोकातून वायर टेम्पोच्या पत्र्यात शिरत होती, तेथे हादऱ्यांनी तिचे आवरण घासून गेले होते आणि तांबे पत्र्याला टेकत होते. फ्यूज उडत होता तो याचसाठी. चांदी घातल्यावर अडविणारे कोणी उरले नाही. वायर लाल होऊन सुती कपड्याच्या गठ्ठ्यावर वितळली आणि गठ्ठा आतून धुमसू लागला. अल्लाहची कृपा म्हणून कोणाला इजा झाली नाही. पण दोन गठ्ठे जळाले, बाकीच्या मालाला धुराचा वास लागला आणि ईदची ती कमाई नुकसान भरण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी वायरिंग करणारा मिस्त्री आला. तो म्हणाला, “शेठ, फ्यूज जळतो म्हणून तुम्ही चिडता. तो जळतो म्हणून टेम्पो जळत नाही.” त्याच्यापाशी बसून आम्ही जे शिकलो आणि पुढे स्वतःच्या तजुर्ब्याने जे पडताळले, ते येथे मांडतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या कापडवाल्याला हे जमले, तर कोणालाही जमेल.

टेस्टर येथे चालत नाही

आपल्याकडे विजेचा बिघाड म्हटला की खिशातून टेस्टर निघतो. तो घरातील २३० व्होल्टसाठी आहे. त्यातील निऑनचा बारीक दिवा साधारण ६० ते ९० व्होल्टच्या पुढेच पेटतो. १२ व्होल्टच्या वायरीला तो लावला तर बॅटरी पूर्ण भरलेली असूनही पेटणार नाही. “करंटच येत नाही” म्हणून चांगली वायर उपटून टाकलेले बांधव आम्ही पाहिले आहेत.

येथे टेस्ट लॅम्प लागतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब घ्यावा, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी डाग देऊन जोडाव्यात. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोकदार सळई. चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला लावावा आणि सळई जेथे वीज पाहायची तेथे टेकवावी. बल्ब पूर्ण पेटला तर तेथपर्यंत रस्ता साफ. मंद पेटला तर मागे कोठेतरी सांधा खराब. पेटलाच नाही तर रस्ता तुटलेला.

मल्टीमीटर असेल तर उत्तमच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही. म्हणून गंजलेल्या सांध्यापलीकडेही तो बेधडक १२ व्होल्ट दाखवितो आणि पंखा मात्र फिरत नाही. बल्ब वीज खातो, म्हणून सांध्याची खरी ताकद त्याच्यापुढेच कळते. कपड्याचा पोत डोळ्याने कळत नाही, ताण देऊन पाहावा लागतो, तसेच हे आहे.

बॅटरीपासून सुरुवात, वस्तू शेवटी

दिवा लागला नाही की आपण पहिल्यांदा दिवा उघडतो. चूक येथेच होते. आमच्या अनुभवात दहा बिघाडांपैकी सात-आठ वेळा वस्तू चांगलीच निघाली आहे. म्हणून तपासणी बॅटरीकडून सुरू करावी आणि एकेक पाऊल पुढे जावे.

पहिले, बॅटरी. गाडी बंद करून दोन-तीन तासांनी मोजावे. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून मोजावे. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढला पाहिजे. तो १२.५ वरच अडकला तर बॅटरी भरतच नाही; अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा लागेल, आणि ते काम मिस्त्रीचे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने धुवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. सुकवून घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. पाणी कमी झाले असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे किंवा विहिरीचे कधीही नाही.

टर्मिनल काढताना उणे आधी काढावे, लावताना उणे शेवटी लावावे. नाहीतर पाना एकीकडे अधिक टोकाला आणि दुसरीकडे पत्र्याला लागतो आणि जागच्या जागी वेल्डिंग होते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. हातातील अंगठी आणि घड्याळ काढूनच कामाला बसावे. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी, अगरबत्ती काही नको.

दुसरे, फ्यूज. टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लावून पाहावा. अलीकडे पेटला आणि पलीकडे नाही, तर फ्यूज गेला. आजच्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. गेला त्याच रंगाचा घालावा. नवाही लगेच उडाला तर त्या ओळीवरील सगळ्या वस्तू काढून पुन्हा एक घालावा. काहीही जोडलेले नसताना उडाला तर खोट वायरीत आहे. टिकला तर एकेक वस्तू जोडत जावे. जिला जोडताच उडेल, ती गुन्हेगार. चांदी, तार, खिळा यांना हात लावू नये. त्याची किंमत आम्ही मोजली आहे. आणखी एक, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. तो दिव्याजवळ बसविला तर मधली सगळी वायर बिनराखणीची राहते.

तिसरे, सांधे. आपल्या मुलखाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास, वर धरमतरच्या खाडीची खारी हवा. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो. त्यात रस्ता. पळस्पे ते इंदापूर महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि किती वर्षे रेंगाळले, ते आपल्या पाठीला ठाऊक आहे. त्या खड्ड्यांनी माणसाची हाडे ढिली होतात, तेथे स्क्रूची काय कथा! सांधा डाग देऊन किंवा दाबून बसविलेल्या लगने करावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी वायसर बसवावा. तो दोन रुपयांचा वायसर असता, तर आमचे दोन गठ्ठे वाचले असते.

चौथे, बॉडीची अर्थ. हा बिघाड सर्वांत फसवा. पंखा लावला की दिवा मंद होतो, दिवा विझविला की पंखा जोरात फिरतो, असे काही विचित्र दिसले की परतीचा मार्ग खराब आहे असे समजावे. पत्र्याला जेथे उणे वायर नट-बोल्टने बसविली आहे, तेथे रंग किंवा गंज असतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वस्तूच्या उणे टोकापासून एक जादा वायर थेट बॅटरीच्या उणे टोकाला लावून पाहावी. दिवा एकदम उजळला तर दोष सापडला. जागा काचकागदाने घासून पत्रा चमकेपर्यंत साफ करावी, बोल्ट आवळावा आणि वर ग्रीस लावावे.

पाचवी आणि शेवटची, वस्तू. एलईडीची पट्टी लागली नाही तर अधिक-उणे उलटे झाले आहे का पाहावे. उलट जोडल्यास ती पेटत नाही. जुन्या पद्धतीच्या १२ व्होल्टच्या पंख्यात कार्बन असतात, ते झिजले की हाताने ढकलल्यावरच पंखा सुरू होतो. कार्बन बदलणे फार खर्चाचे काम नाही. लायटरच्या सॉकेटातून चार्जर किंवा पैसे आल्याची घोषणा करणारा छोटा स्पीकर चालत नसेल, तर सॉकेटच्या तळाशी धागे आणि धूळ साचलेली असते. कपड्याच्या टेम्पोत हे हमखास घडते. आधी त्या ओळीचा फ्यूज काढावा, मगच सॉकेट पुसावे.

वायर बारीक, उजेड बारीक

बॅटरी भरलेली, फ्यूज चांगला, सांधे पक्के आणि तरीही फाळक्याकडचा दिवा मंद. असे असेल तर वायर बारीक आहे. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, अशा १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ५ अँपिअर गेले की सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २३० व्होल्टच्या घरात एवढी घट कळणारही नाही, पण १२ मधून ०.९ जाणे म्हणजे शंभरातले साडेसात गेले. तेथेच २.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर घट ०.३६ वर येते. वायरीत वाचविलेले पैसे उजेडात फिटतात.

बॅटरीचा जमाखर्च

हिशेब आपल्या हाडात आहे, तो येथेही लावावा. वॅटला १२ ने भागले की अँपिअर मिळतात. २० वॅटचे दोन एलईडी दिवे ४०, पंखा २५, चार्जर वगैरे १५, एकूण ८० वॅट. म्हणजे सुमारे ७ अँपिअर. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, पाच तासांत ३५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हा खर्च जमेत बसतो.

आता त्यात इन्व्हर्टरवर २०० वॅटचा हॅलोजन लावा. इन्व्हर्टरची स्वतःची खाट धरून तो एकटाच १९-२० अँपिअर खातो. एकूण २७ झाले आणि दोन तासांच्या आत निम्मी बॅटरी संपली. मग इन्व्हर्टर टी-टी करू लागतो आणि साधारण १०.५ व्होल्टवर स्वतःच बंद पडतो. आपण म्हणतो इन्व्हर्टर बिघडला. तो बिचारा बॅटरी वाचवीत असतो. १,००० वॅटची इस्त्री तर ९० अँपिअरच्या वर जाईल. तिचे नाव टेम्पोत काढू नये.

गाडी सुरू करण्याची बॅटरी आणि दुकानाची बॅटरी वेगळी असावी, मध्ये दोघींना तोडणारा रिले असावा. नाहीतर रात्री अकरा वाजता सेल्फ लागत नाही आणि सुकेळी खिंडीऐवजी रोह्याच्या रस्त्यावर रात्र काढावी लागते. आणि तासा-दीड तासाच्या प्रवासात रिकामी बॅटरी पूर्ण भरत नाही, हेही लक्षात ठेवावे. घरी चार्जर लावावाच लागतो.

येथे थांबावे

वर सांगितले ते सर्व १२ व्होल्टबद्दल. इन्व्हर्टरच्या पुढे २३० व्होल्ट असतात आणि ते घरातल्या विजेइतकेच जीवघेणे असतात. बॅटरीवर चालते म्हणून इन्व्हर्टर उघडू नये. त्यावर कपड्याचे गठ्ठे रचू नयेत. हवा मिळाली नाही की तो तापतो. टेम्पोत दोन्ही विजा असतील तर त्यांची सॉकेटे निरनिराळ्या आकाराची बसवावीत. १२ व्होल्टचा पंखा २३० मध्ये खोचला गेला तर तो क्षणात जळेल.

उत्सवात आणि जत्रेत जनरेटरची किंवा शेजाऱ्याची लाइन घेतली जाते. सॉकेटात उघड्या वायरी माचिसच्या काडीने ठोकलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पावसात, ओल्या चिखलात, लोखंडी टेम्पोजवळ हा मृत्यूला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे. तीन पिनांचा प्लग, अर्थची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढे स्वतःजवळ ठेवावे. टेम्पोच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्या, तर गिऱ्हाइकांना मागे करावे, लाइन मुळातून बंद करावी आणि जाणकाराला बोलवावे. तेथे आपले शहाणपण चालवू नये.

वादळात उपयोगी पडलेली बॅटरी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आले. खांब पडले, तारा तुटल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत आमचा टेम्पो मोहल्ल्यात उभा होता. निम्म्या बॅटरीत साधारण ६०० वॅट-तास असतात आणि एक मोबाइल भरायला, वाटेतील घट धरून, सुमारे २० लागतात. म्हणजे एका बॅटरीवर तीस मोबाइल. शेजारीपाजारी, कोण कोणत्या जातीधर्माचा हे न पाहता, रांगेने येत आणि दूरच्या नातलगांना खुशाली कळवीत. फ्यूज नीट होता, सांधे नीट होते, म्हणून ते शक्य झाले.

आपला रायगड विजेला नवा नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. भिऱ्याहून सुटलेले पाणी कुंडलिकेतून रोह्याच्या दारावरून वाहते. ज्या जिल्ह्याने मुंबई उजळली, तेथील व्यापाऱ्याने सैल स्क्रूपायी अंधारात बसावे, हे बरे दिसत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. एक लहान डबा टेम्पोत कायमचा ठेवावा. त्यात टेस्ट लॅम्प, प्रत्येक रंगाचे दोन-दोन फ्यूज, दहा-बारा लग, मीटरभर जादा वायर, काचकागद, पक्कड, दहा नंबरचा पाना आणि व्हॅसलीनची डबी असावी. पावसाळा संपल्यावर एकदा आणि रमजानच्या आधी एकदा, दिवसाच्या उजेडात, बॅटरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत सगळी लाइन तपासावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि हाताखालच्या पोरालाही शेजारी बसवून शिकवावे. त्या रात्री चांदी त्याने खोचली खरी, पण त्याला कोणी शिकविले नव्हते. आणि शाबासकी आम्ही दिली होती.